बघणाऱ्यालाही अंग असतं

औंढ्याच्या गाभाऱ्यात एक म्हातारा झोपला आहे. झोपायला कुणाची हरकत नव्हती, पण त्याचे पाय थेट शंकराच्या पिंडीवर आहेत. काही कीर्तनकार तर सांगतात, की त्याच्या अंगावर जखमा होत्या आणि त्यांतून पू वाहत होता. दारात नामदेव उभे आहेत. पंढरपूरहून गुरूच्या शोधात आलेत आणि समोर हे! त्यांच्या मनात पहिल्यांदा येतो तो राग. हा माणूस उठला पाहिजे, याचे पाय बाजूला झाले पाहिजेत. म्हातारा म्हणतो, बाबा रे, मला काही उठवत नाही. जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलतात, दुसरीकडे ठेवतात, तर तिथे पिंड. आणखी बाजूला नेतात, तर तिथेही पिंड. हा म्हातारा म्हणजे विसोबा खेचर, आणि तिथून पुढे नामदेवांचे गुरू.

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट कुणी नव्याने सांगायची गरज नाही. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी याच जिल्ह्यात, आणि बारा ज्योतिर्लिंगांत ज्याची गणना होते ते औंढा नागनाथही याच जिल्ह्यात. गोष्टीचा अर्थही कीर्तनातून ठरून गेला आहे: देव नाही अशी जागाच नाही. अर्थ खराच आहे. पण गोष्टीतली एक बारीक गोष्ट त्या अर्थाच्या घाईत निसटून जाते. पाय उचलले कुणी?

विसोबांना नुसता चमत्कारच दाखवायचा असता, तर त्यांनी स्वतः पाय इकडून तिकडे हलवले असते. नामदेवांनी दारात उभ्या उभ्या ते बघितलं असतं आणि हात जोडले असते. पण विसोबांनी तसं केलं नाही. ज्या पायांची शिसारी आली, तेच पाय त्यांनी नामदेवांच्या हातात दिले. नामदेवांना खाली वाकावं लागलं, टाचेखाली हात घालावा लागला, म्हाताऱ्या हाडांचं वजन पेलावं लागलं. दारात उभे असताना नामदेव म्हणजे फक्त दोन डोळे होते. पाय हातात आल्यावर त्यांना पाठ आली, गुडघे आले, धाप आली. त्या क्षणाला दोन माणसं समोरासमोर आली; तोवर एक बघणारा होता आणि एक बघितला जाणारा.

थोडं मागे गेलं तर आणखी एक संदर्भ लागतो. ही भेट होण्याआधी गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने तपासली होती, अशी कथा आहे. कुंभार मडकं कच्चं की पक्कं ते थापटून ओळखतो. बाकीचे संत गप्प बसले. नामदेव कळवळले आणि कच्चे ठरले. म्हणजे स्वतःच्या डोक्यावर बसलेलं थापटणं त्यांना नीट कळत होतं. दुसऱ्याच्या अंगाकडे बघताना मात्र ते कळणं कुठेतरी बाजूला राहिलं. औंढ्याला विसोबांनी ते परत जागेवर आणून ठेवलं.

औंढ्याचं देऊळही या कामाला साथ देतं. बाहेरच्या भिंतींवर दगडात कोरलेल्या देहांच्या रांगाच रांगा आहेत: हत्ती, देवता, नर्तकी. त्या बघताना माणूस आरामात उभा असतो, एका हातात चपला, एका हातात मोबाइल. पण गाभारा खाली, तळघरात आहे. अरुंद पायऱ्या उतरायच्या, डोकं सांभाळायचं, जवळजवळ बसत बसत आत शिरायचं. आत गर्दी असली तर पुढच्याचा घाम आपल्या बाहीला लागतो. भिंतीवरचे देह लांबून बघता येतात. आत जायचं तर स्वतःचा देह बरोबर न्यावा लागतो. कुणी ठरवून बांधलं असो वा नसो, आत जाणाऱ्याला आपली कंबर आठवल्याशिवाय राहत नाही.

आजच्या काळात हेच काम काही एकल नृत्यं करतात. झाविए ल रुआ नावाचा एक फ्रेंच नर्तक आहे. मूळचा रेणवीय जीवशास्त्राचा संशोधक. त्यात डॉक्टरेट मिळवली, प्रयोगशाळेत काम केलं आणि मग नृत्याकडे वळला. 1998 साली जर्मनीतल्या कॉटबुस इथे त्याने एक एकल प्रयोग पहिल्यांदा केला. नाव होतं ‘सेल्फ अनफिनिश्ड’. रंगमंचावर पांढरी जमीन, ट्यूबलाइटचा सपाट उजेड, एक टेबल, एक खुर्ची आणि एक टेपरेकॉर्डर. एक साधा माणूस खुर्चीवर बसलेला. हळूहळू तो यंत्रासारखा हलायला लागतो आणि त्या हालचालींचे आवाज स्वतःच तोंडाने काढतो. मग उलटा चालतो. मग अंगावरचा काळा कपडा असा ताणतो, की वरचा अर्धा भाग कुठला आणि खालचा कुठला ते कळेनासं होतं. आणि शेवटी कपडे उतरवून, खांद्यांवर उलटा होऊन, पाठ प्रेक्षकांकडे करून तो अशा काही घड्या घालतो, की त्याचं डोकं दिसतच नाही. हातांचे पाय होतात, पाठीचा चेहरा होतो.

नागडा माणूस समोर असूनही त्यात ना अश्लील काही उरतं, ना सुंदर. कारण तो माणूसच आहे हे पटवून घ्यायला प्रेक्षकाला सायास पडतात. एकाला बेडूक दिसतो, दुसऱ्याला डोकं नसलेला कुठलासा प्राणी. प्रत्येक जण काहीतरी नाव देतो आणि पुढच्याच क्षणी ते नाव निकामी होतं. आणि या सगळ्यात प्रेक्षक काय करतो? मान वाकडी करतो. खुर्चीत पुढे सरकतो. त्याचं डोकं शोधता शोधता आपलं डोकं कलतं झालं आहे, हे त्याच्या मागाहून लक्षात येतं. इथेही बघणाऱ्याला वाकायला लावलं आहे. फक्त इथे पिंड नाही, भक्ती नाही आणि गुरूही नाही.

आता जरा घरच्या नजरांकडे वळू. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. भरती निघाली की या भागातल्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात पोरं धावताना दिसतात. मोजमापाच्या दिवशी ती उघडी रांगेत उभी राहतात. उंची 168 सेंटिमीटर हवी. छाती न फुगवता 79 आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. टेप काखेखालून जातो, ‘फुगव’ म्हटलं की पोरगा श्वास ओढतो आणि डोळे मिटतो. दीड वर्ष सकाळी हरभरे खाल्लेत, उसनं घेऊन बूट आणलेत, त्या सगळ्याचा हिशेब आता टेपच्या बारीक रेघांवर आहे. भरतीला निकष लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या पोराला विचारा, टेप धरणाऱ्याचा चेहरा आठवतो का? आठवत नाही. आणि टेप धरणाऱ्यालाही त्याचा आठवत नाही.

दुसरी नजर घरातलीच. पाहुणे मुलगी बघायला आले आहेत. पोह्यांच्या बशा आल्या, चहा आला, मुलगी आली. ‘जरा उभी राहा बेटा’, ‘चालून दाखव’ असं आता कमी घरांत म्हणतात, पण नजरेने ते सगळं होतच असतं. बाजारात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, तशी ती नजर: रंग कसा, बांधा कसा, उंची मुलाला शोभेल का, चष्मा कधीपासून? आणि मुलीच्या वडिलांच्या समोर जे मामा बसलेत, त्यांचं पोट शर्टाच्या बटणांतून बाहेर डोकावतं, त्यांना जिना चढताना दम लागला होता, हे त्या खोलीत कुणाच्याच ध्यानात येत नाही. मामांच्याही नाही. ते बघायला आलेत ना! बघायला आलेल्या माणसाला अंग नसतं, असा आपल्याकडे एक अलिखित नियमच आहे.

तिसरी नजर मुकादमाची. दसरा झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात, त्यांत हिंगोलीची माणसंही असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा आणि त्या कोयत्यावर उचल द्यायची. मुकादम अंगाकडे बघतो ते काम किती उरकेल, या हिशेबाने. एक दिवस काम चुकलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीचे दिवस, पोटातलं दुखणं, बाळंतपण, हे सगळं या हिशेबात अडचण म्हणून येतं. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न गाजला, राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि 13 हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली असल्याचं पुढे आलं. एवढ्या बायकांनी आपलं अंग आपल्याच डोळ्यांनी बघायचं सोडून हिशेबाच्या डोळ्यांनी बघायला सुरुवात केली होती, किंवा तसं बघायला त्यांना भाग पाडलं होतं. दुसऱ्याच्या नजरेचा सगळ्यात मोठा घात हा, की ती काही दिवसांनी आपलीच होऊन बसते.

या तिन्ही नजरा वेगवेगळ्या. एकीत नियम आहे, दुसरीत रीत आहे, तिसरीत पैसा आहे. पण तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे: बघणारा स्वतःला त्या चित्राच्या बाहेर धरून चालतो. समोरचं अंग, आणि आपण म्हणजे निव्वळ डोळे. अन्याय इथे सुरू होतो. नजर वाईट असण्याआधी ती बिनअंगाची असते.

भरतमुनींना हे चांगलं ठाऊक होतं, असं वाटतं. नाट्यशास्त्रात नर्तकासाठी 36 दृष्टी सांगितल्या आहेत. आठ रसांच्या, आठ स्थायी भावांच्या आणि वीस संचारी भावांच्या. हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण त्याच ग्रंथाच्या 27 व्या अध्यायात भरत प्रेक्षकाकडे वळतात, आणि तिथे ते प्रेक्षकाला नुसता बुद्धिमान असून भागत नाही म्हणतात. पात्र आनंदलं की जो आनंदतो, पात्र शोकात बुडालं की जो शोक करतो, तो खरा प्रेक्षक. प्रयोग साधला की नाही, हे कशावरून ओळखायचं तेही ते सांगतात: प्रेक्षकाच्या अंगावर काटा आला का, तो जागेवरून उठला का, त्याने अंगावरचं वस्त्र काढून दिलं का, बोटातली अंगठी फेकली का? म्हणजे नाटकाचा निकाल प्रेक्षकाच्या अंगावर लागतो. भरतांच्या हिशेबी रंगमंचावर एक देह आणि समोर शेकडो देह असतात, आणि त्यांच्यात जे घडतं तो प्रयोग.

तमाशात फेटे उडतात ते याच परंपरेतले म्हणायला हरकत नाही. मात्र फेटा उडवणारा प्रत्येक माणूस रसिक नसतो. काहींचा फेटा नाचणारीच्या अदेला असतो, काहींचा आपल्या मस्तीला. हा फरक नाचणारीला लगेच कळतो. बैठकीची लावणी ज्यांनी जवळून ऐकली आहे त्यांना हे माहीत आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकर या गायकीतल्या मोठ्या कलावंत. 1915 चा जन्म, 2012 साली पद्मश्री आणि 2018 साली शंभरी ओलांडून निधन. बैठकीत गाणारी बाई खाली बसलेली असते. फार हालचाल नाही. पदराचं टोक, मनगट, भुवई आणि डोळे, एवढ्यावर सगळं चालतं. आणि ऐकणारा हातभर अंतरावर. अशा बैठकीत बघायला म्हणून आलेला माणूस लवकरच स्वतःच बघितला जातो. गाणारी एक ओळ तोलून-मापून नेमकी एकाकडे टाकते आणि तो मांडी बदलतो. शेजारचे हसतात. त्याचे कान गरम होतात. आता त्याला अंग आलं. सगळी मैफल त्या अंगासकट त्याला परत बसवते आणि मग गाणं पुढे जातं.

आपल्याकडे एकटीने नाचणाऱ्या, एकटीने गाणाऱ्या बाईला समाजाने सोयीने खालचं ठरवलं. पण नजर परतवायची ही विद्या तिच्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. त्या विद्येचं शिक्षण ना पोलीस भरतीच्या रांगेत मिळतं, ना पोह्यांच्या बशीसमोर.

आधुनिक नृत्यात हा प्रश्न आपल्याकडे ज्यांनी नेटाने लावून धरला त्या चंद्रलेखाही जन्माने महाराष्ट्रातल्याच. 1928 साली वाडा या गावी त्यांचा जन्म. मद्रासला जाऊन भरतनाट्यम शिकल्या. 1952 साली त्यांचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं जाहीर नृत्य, झालं, ते रायलसीमेच्या दुष्काळ निधीसाठी. नृत्यात यमुनेचं पाणी होतं. सख्या पाण्यात खेळताहेत, शिंपडताहेत, नुसती लयलूट. आणि अभिनय करता करता त्यांच्या डोळ्यांसमोर आली ती भेगाळलेली जमीन, जिच्यासाठी हा कार्यक्रम होता. त्या जागच्या जागी थबकल्या. मराठवाड्यातल्या माणसाला ते थबकणं समजावून सांगायला नको; इथे टँकरच्या रांगेतही लग्नाच्या वराती निघाल्या आहेत. पुढे त्या बराच काळ रंगमंचापासून दूर राहिल्या आणि 1985 साली ‘अंगिक’ घेऊन परतल्या. त्यांच्या नृत्यातून दागदागिने गेले, देवादिकांच्या गोष्टी गेल्या. राहिलं ते शरीर, योग आणि कळरीपयट्टू या केरळी युद्धकलेच्या शिस्तीने तासलेलं. 2001 च्या ‘शरीर’मध्ये तर गुंदेचा बंधूंच्या ध्रुपदाबरोबर हालचाल इतकी सावकाश चालते, की पहिल्या काही मिनिटांत प्रेक्षक अस्वस्थ होतो, घड्याळ बघतो, पाय हलवतो. आणि मग केव्हातरी त्याचा श्वास समोरच्या श्वासाच्या तालावर यायला लागतो.

संथपणाचा हा उपयोग लक्षात घेण्यासारखा आहे. झटपट बघितलं तर आपल्याला समोरच्या अंगातलं तेवढंच दिसतं जे आपण आधीच ठरवून आलेलो असतो: जाड, बारीक, गोरी, काळा, म्हातारा, लंगडा. या शब्दांना एका क्षणाहून जास्त वेळ लागत नाही. पण तेच अंग दहा मिनिटं बघावं लागलं की शब्द संपतात, आणि बघणं मात्र सुरू राहतं. मग दिसायला लागतं, की त्याचा तोल डाव्या पायावर जास्त आहे, मान थोडी पुढे आहे, बोटं थरथरताहेत. आणि त्याबरोबर आपलाही पाय, आपलीही मान. मूल्यमापन संपतं आणि ओळख सुरू होते.

आता गंमत अशी, की आपल्याइतकी अंगं बघणारी पिढी आधी झाली नसेल. अंगठ्याच्या एका हालचालीत एक नाचणारी जाते, दुसरी येते. तालुक्याच्या गावच्या जत्रेतली लावणी रात्री संपायच्या आत मोबाइलवर येते आणि खाली शेरे पडायला लागतात. कुणाच्या कंबरेबद्दल, कुणाच्या वयाबद्दल, कुणाच्या रंगाबद्दल. शेरा मारणारा कुठे असतो? खाटेवर आडवा, बनियनवर, एक हात उशीखाली. त्याच्याकडे बघणारं तिथे कुणी नाही. बैठकीतल्या बाईकडे जी ताकद होती, की एका नजरेत समोरच्याला मांडी बदलायला लावायची, ती पडद्याने काढून घेतली. नाचणारी दिसते, पण तिला कुणी दिसत नाही. बिनअंगाच्या नजरेला इतकी मोकळीक आधी कधीच मिळाली नव्हती.

यावर बघूच नये, हा उपाय नाही. शरीराकडे बघणं वाईट, असं म्हणणाऱ्यांनी शरीराचं आजवर काही भलं केलेलं नाही. झाकणं आणि निरखणं या एकाच नजरेच्या दोन सवयी आहेत. दोन्हींत समोरचं अंग हा विषय असतो आणि आपण न्यायाधीश. बघावं, भरपूर बघावं. फक्त आपण कुठे उभे आहोत, आपले खांदे कसे आहेत, आपल्या पोटात काय चाललंय, याचं भान सुटू देऊ नये. भरतीच्या मैदानावर टेप धरणाऱ्याने पोराला ‘श्वास सोड’ एवढं म्हटलं, तरी ते भान झालं. मुलगी बघायला गेलेल्या मामांनी चहाची कपबशी स्वतः उठून आत नेऊन ठेवली, तरी झालं. एवढ्याने निकष बदलत नाहीत, रीत मोडत नाही. पण समोरच्याला कळतं, की इथे दुसराही कुणी माणूस आहे.

तमाशाच्या जगात विठाबाई नारायणगावकरांची एक आठवण सांगतात. 1935 साली पंढरपूरला जन्मलेल्या या बाईने तमाशाला राष्ट्रपतींच्या सन्मानापर्यंत नेलं. आज राज्य शासनाचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. दिवस भरले असताना त्या फडावर नाचत होत्या. खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि परत नाचायला उभ्या राहिल्या. ही आठवण बहुतेक वेळा इथेच थांबवली जाते, बाईच्या हिमतीवर. ती हिंमत होतीच, आणि त्या हिमतीमागे पोटाची सक्तीही होती, हे विसरू नये. पण आठवण थोडी पुढे जाते, आणि खरी गोष्ट पुढच्या भागात आहे.

विठाबाई परत आल्या तेव्हा समोरच्या लोकांच्या लक्षात आलं, की बाईचं पोट उतरलं आहे. त्यांनी चौकशी केली, आणि काय घडलं ते कळल्यावर त्यांनीच खेळ थांबवायला लावला; बाई, आता विसावा घ्या, म्हणाले. ही तिकीट काढून आलेली माणसं होती. नाच बघायला आलेली, शिट्ट्या मारणारी, फेटे उडवणारी. अंगाकडे बघण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आणि तरीही त्या रात्री त्यांच्या बघण्यातून एक वेगळी गोष्ट निपजली. त्यांच्या घरीही बाळंतिणी होत्या. त्यांनी बाज बघितली होती, शेक-शेगडी बघितली होती, आईचा पिवळा पडलेला चेहरा बघितला होता. फडावरच्या अंगाची आणि घरातल्या अंगाची गाठ त्यांच्याच अंगात पडली, म्हणून ते बोलले.

याच विठाबाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, हेही खरं आहे. म्हणजे एका रात्रीची जाग पुरेशी नसते. समाज म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि नाचून थकलेलं अंग विसरून जातो. पुरस्कार नावाने देतो आणि औषधाला मागे सरतो. त्यामुळे त्या रात्रीचे प्रेक्षक थोर होते असं म्हणून सुटका करून घेता येणार नाही. ते थोर नव्हते, आपल्यासारखेच होते. इतकंच, की त्या वेळेपुरतं त्यांना आपलं अंग आठवलं.

हे आठवणं शिकता येतं, आणि त्याला नाट्यगृह लागत नाही. आज दिवसभरात कितीतरी अंगं आपल्या नजरेखालून जातील: एसटीत दांडीला धरून उभी असलेली पोक्त बाई, दवाखान्याच्या बाकावरचा सुजलेला पाय, हळदीच्या ढिगावर बसून गड्डे निवडणाऱ्या बायकांचे पिवळे हात, शाळेच्या रांगेतला सगळ्यात जाड मुलगा, आरशातलं स्वतःचं. प्रत्येकाला मनातल्या मनात एक विशेषण तयार असेल. ते विशेषण येऊ द्यावं, त्याला अडवता येत नाही. फक्त ते आल्यावर बघणं थांबवू नये. थोडं आणखी बघावं, आणि बघताना आपण उभे आहोत की बसलो आहोत, आपले पाय दुखताहेत की नाहीत, एवढं स्वतःला विचारावं. पाय दुखत असतील तर त्या उभ्या बाईला जागा देणं सोपं जातं.